अहवालातली एक ओळ

महेंद्र बनसोडे सांगलीच्या दूध संघात लागला त्या वर्षी संघाच्या कॉम्प्युटर खोलीत चपला काढून जावं लागे. खिडकीला जाड काळा पडदा, आत थंडीच्या दिवसांतही एसी चालू, आणि मधल्या टेबलावर गव्हाच्या कोठीएवढं एक यंत्र. त्या यंत्रावर युनिक्स नावाची प्रणाली चालायची. बाहेरच्या दालनात बारा पडदे होते, काळ्यावर हिरवी अक्षरं उमटवणारे, आणि ते बाराही या एका यंत्राच्या जिवावर चालत. त्यावर बसणाऱ्यांना ठरलेली चार-पाच कामं येत. काही अडलं की सगळे महेंद्रला हाक मारत. तो आत जाई, दोन-तीन इंग्रजी शब्द टाइप करी आणि काम पुन्हा सुरू होई. त्यानं काय केलं हे कुणाला कळत नसे.

महेंद्र पाटणच्या पलीकडच्या डोंगरातला. आजोबांनी छप्पन्न साली धर्म बदलला, वडील पलटणीतून नाईक होऊन परत आले. मुलगा कराडच्या पॉलिटेक्निकात गेला तेव्हा ते म्हणाले होते, "असं कायतरी शिक, की त्यान्ला तुज्याकडं यावंच लागंल." महेंद्रनं ते शब्दशः मानलं. संघात नव्यानं आला तेव्हा त्याला लोक 'ए बनसोडे' म्हणत, काही जण आडनाव विचारून गप्प होत. दोन वर्षांत तो 'साहेब' झाला. तो स्वभावानं गोड होता म्हणून नव्हे, युनिक्सचा मुख्य पासवर्ड फक्त त्याच्या डोक्यात होता म्हणून. ही गोष्ट त्यालाही पक्की ठाऊक होती.

शहाण्णव साली कार्यकारी संचालक लालासाहेब निकमांनी ठरवलं की यंत्र जुनं झालं, बदलायचं. लालासाहेब उसाच्या मळ्यातला मोठा माणूस, थोरला मुलगा सैन्यात. बोलणं मोकळं, पण कागद वाचल्याशिवाय सही करायचे नाहीत. त्यांनी महेंद्रला बोलावून घेतलं.

"बनसोडे, पुन्याची मान्सं येऊन तीन तऱ्हा सांगून गेली. नवं युनिक्स म्हंत्यात, नेटवेअर म्हंत्यात, आन ते एक विंडोज एनटी. मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई. तुमी तिन्ही तपासा. कुटलं बरं, कुटलं वाईट, आन का, ह्ये मला मराठीत लिवून द्या. तुमी लिवाल त्यावर मी सही करनार."

महेंद्रला हुरूप आला. त्यानं एक दोनशे पानी वही घेतली आणि खरोखर मन लावून काम सुरू केलं. एका वेळी किती जण बसू शकतात, वीज गेली तर पुन्हा उभं राहायला किती वेळ, कुणाला काय बघू द्यायचं याचं कुलूप किती मजबूत, दुरुस्तीला माणूस सांगलीत मिळतो की पुण्याहून आणावा लागतो, आणि शेवटी, बसणाऱ्या माणसाला शिकायला किती दिवस लागतात. नेटवेअर पहिल्या आठवड्यातच मागं पडलं. फायली आणि प्रिंटर सगळ्यांत वाटून द्यायला ते उत्तम होतं, पण संघाचं काम त्यावर न्यायचं तर सगळं नव्यानं लिहावं लागलं असतं. उरली दोन. युनिक्स एकाच यंत्रावर बारा जणांना सहज पोसत होतं आणि महिनोन्‌महिने बंद करावं लागत नव्हतं. एनटीला प्रत्येक टेबलावर स्वतंत्र कॉम्प्युटर लागणार होता. पण त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं होती, माउस होता, आणि पुण्याच्या कंपनीनं दुधाच्या नोंदीचा तक्ता मराठी अक्षरांत करून आणला होता.

शिकायला किती दिवस लागतात हे बघायला चार माणसं निवडायची होती. तीन पदवीधर होते. चौथी, लालासाहेबांच्या सांगण्यावरून, बाळाबाई भिसे.

बाळाबाई अडतीस वर्षांची. मूळची महेंद्रच्याच पट्ट्यातली, त्याच्या गावापासून दोन खोरी सोडून. नवरा गेल्यावर ती संघात कॅन धुवायला लागली, तिसाव्या वर्षी बाहेरून दहावीला बसली आणि दुसऱ्या झटक्यात पास झाली. त्यानंतर ती दूध तपासणीच्या टेबलावर चिठ्ठ्या लावायला बसू लागली. चारशे गावांच्या सोसायट्या तिला तोंडपाठ होत्या. कधी जिन्यात दोघंच भेटली तर ती हळूच "जयभीम" म्हणे, तोही म्हणे. चार लोकांत मात्र ती "सायब" म्हणायची आणि तो "बाळाबाई" म्हणायचा. असं ठरवलं कुणीच नव्हतं.

पहिल्या दिवशी तिनं माउस हातात धरला तो पोळपाटावरचं लाटणं धरावं तसा, दोन्ही हातांनी. पदवीधर पोरं हसली. तीही हसली. दुसऱ्या दिवशी तिचा बाण पडद्याच्या कडेला जाऊन अडकायचा थांबला. तिसऱ्या दिवशी ती न विचारता तक्ता उघडू लागली. चौथ्या दिवशी दुपारी ती एकदम थांबली आणि म्हणाली, "सायब, ह्ये चुकलंय."

"काय चुकलंय?"

"खडकवाडीच्या म्हशीच्या दुधाला साडेनऊ फॅट लिवलाय चिठ्ठीवर. आसली म्हस अजून जल्मायची हाय. साडेसहा आसंल. शिक्क्याचा विंग्रजी सहा उलटा झालाय बगा."

तपासणी विभागाला फोन केला. साडेसहाच निघाले. महेंद्रनं वहीत लिहिलं: दिवस चौथा, बाळाबाई, एकशे ब्याण्णव नोंदी, चूक एकही नाही. त्या दिवशी पदवीधरांतल्या कुणाचीच नोंद इतकी नव्हती. बाळाबाईनं त्याला लिहिताना बघितलं नाही, पण घरी जाताना ती जिन्यावरून जवळजवळ उड्या मारत उतरली.

त्या आठवड्याच्या शेवटी पुण्याच्या कंपनीचा माणूस लालासाहेबांच्या खोलीत बसला होता. महेंद्र कागद घेऊन दाराशी पोचला आणि आतलं बोलणं ऐकून तिथंच थांबला.

"साहेब, याला तज्ज्ञ लागत नाही," पुण्याचा माणूस सांगत होता. "तुमची ती आधी कॅन धुणारी बाई चार दिवसांत शिकली, ऐकलंत ना?"

"म्हंजे मशीनला येगळा सायब ठेवायची गरज न्हाई म्हना की," लालासाहेब हसून म्हणाले. "बनसोडेला मग शिरवळच्या शीतकेंद्रावर टाकता यील. तितं लय खोळंबा हाय."

ते सहज बोलले होते, कदाचित दुसऱ्या दिवशी विसरलेही असते. पण महेंद्र तसाच माघारी फिरला. त्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, नीलिमाला सांगलीतच शाळेत नोकरी लागली होती, पायल बालवाडीत जात होती. पण रात्रंदिवस त्याच्या डोक्यात घोळत राहिलं ते हे नव्हतं. त्याला दिसत होता तो पुन्हा 'ए बनसोडे' झालेला. ज्याच्याकडं यायची कुणाला गरज नाही, असा.

अहवाल अठरा पानांचा झाला. त्यातली सतरा पानं खरी होती. आकडे खरे, तक्ते खरे, युनिक्सचे गुण खरे आणि अवगुणही. शेवटच्या पानावर, शिकायला लागणाऱ्या दिवसांच्या रकान्याखाली, त्यानं एक ओळ लिहिली: 'चाचणीत सहभागी दहावी उत्तीर्ण कर्मचाऱ्यास पंधरा दिवसांतही नवी पद्धत आत्मसात झाली नाही, सबब सदर पद्धत सोपी असल्याचा कंपनीचा दावा ग्राह्य धरता येत नाही.' लिहून झाल्यावर त्यानं पेनाचं टोपण लावलं.  अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं, आणि पुढं कित्येक वर्षं त्याला तेच जास्त लागत राहिलं.

लालासाहेबांनी अहवाल वाचला, पुण्याच्या माणसाचे चार दिवस ही विकणाऱ्याची बढाई असं धरलं आणि सही केली. नवं युनिक्स आलं. महेंद्र सांगलीतच राहिला. अहवाल संचालक मंडळापुढं गेला त्या बैठकीत कुणीतरी ती ओळ बोटानं दाखवून ठराव मांडला की संगणक विभागात यापुढं पदवीधरच घ्यावेत, दहावीवाल्यांवर वेळ घालवू नये. ठराव एकमतानं झाला. तपासणीच्या टेबलावरही एक पदवीधर मुलगा आला. बाळाबाई पुन्हा कॅन धुवायला गेली.

हे महेंद्रनं धरलंच नव्हतं. आपण एका यंत्राविरुद्ध लिहितोय, एवढंच त्यानं स्वतःला सांगितलं होतं.

महिन्याभरानं बाळाबाई त्याच्या खिडकीशी आली. कॅन धुण्याच्या सोड्यानं तिच्या बोटांची सालं निघाली होती. तिनं हात पदराखाली घेतले.

"सायब, एक इचारू? राग नका धरू."

"विचारा की."

"माजं नेमकं कुटं चुकलं? मला वाटलं मला जमलं हुतं. पन तुमी लिवलंय म्हंजे नसंल जमलं. फकस्त कुटं चुकलं तेवडं कळलं आसतं, तर बरं वाटलं आसतं."

खरं बोलायला तेवढी एक जागा होती, आणि आजूबाजूला दुसरं कुणीही नव्हतं. महेंद्र म्हणाला, "वेग कमी पडला, बाळाबाई. बाकी ठीक होतं."

तिनं मान हलवली. "व्हय. हात जड हायती माजे," म्हणाली आणि गेली.

पहिल्या खोटेपणाला निदान भीतीचं कारण होतं. या दुसऱ्याला काहीच नव्हतं. त्या दिवसापासून महेंद्र कॅन धुण्याच्या शेडवरून जायचा रस्ता टाळू लागला. कॅन्टीनला जायला तो मागच्या टँकरच्या वाटेनं वळसा घालून जाई. लोक साहेब म्हणत, त्याला ते ऐकवत नसे. नीलिमा एकदा म्हणाली, "तुम्ही आजकाल पायलच्या वहीवर सही करतानाही दहादा वाचता." तो म्हणाला, "सवय आहे कामाची."

अशी अडीच वर्षं गेली. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात सगळीकडं दोन हजार सालाची हाकाटी सुरू झाली. संघाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं, म्हणजे एक जानेवारीला यंत्रानं शून्य शून्य वाचून एकोणीसशे साल धरलं असतं. लालासाहेबांनी पुन्हा महेंद्रला बोलावलं.

"पुन्यांदा तुलना करा, बनसोडे. मागल्या बारीचा अहवाल झक्कास हुता. तसाच पायजे."

महेंद्रनं कपाटातून ती दोनशे पानी वही काढली. मागची माहिती लागणारच होती. चाळता चाळता चौथा दिवस आला. एकशे ब्याण्णव नोंदी, चूक एकही नाही. खाली त्यानंच कंसात लिहिलं होतं: खडकवाडीची चूक हिनं पकडली. ते पान उघडं ठेवून तो कितीतरी वेळ बसून राहिला. बाहेरून कुणी "साहेब, चौथा पडदा अडकलाय," म्हणून दोनदा हाक मारून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा अहवाल नाही, एक पत्र लिहिलं आणि वहीसकट लालासाहेबांपुढं ठेवलं. लालासाहेबांनी चष्मा लावून वाचलं. मग चष्मा काढला.

"ह्ये काय?"

"मी मागच्या अहवालात खोटं लिहिलं होतं, साहेब. बाळाबाई भिसे चार दिवसांत शिकली होती. सगळ्यांत आधी. मी उलटं लिहिलं."

"का पन?"

"मला शिरवळला पाठवाल अशी भीती वाटली. तुम्ही तसं बोलला होता. मी दारात होतो."

लालासाहेब आठवायचा प्रयत्न करत राहिले, पण त्यांना ते आठवेना. "आवं, युनिक्सबी काय वाईट निगालं न्हाई. तीन वर्सं बिनघोर चाललं. मग झालं की. ह्यो कागद फाडून टाका, आन नवा अहवाल नीट लिवा. कुनाला कळनार बी न्हाई."

"युनिक्स बरोबर होतं की नाही हा प्रश्न नाही, साहेब. कदाचित खरं लिहूनही आपण तेच घेतलं असतं. पण त्या एका ओळीवर ठराव झाला, आणि बाई धुण्यात गेली. हे पत्र मी आवक रजिस्टरला नोंदवून आलोय."

लालासाहेबांचा चेहरा तेव्हा कुठं बदलला. "मी तुमच्या अक्षरावर सही केली हुती, बनसोडे," एवढंच ते म्हणाले. ते ओरडले असते तर महेंद्रला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी तो बाळाबाईच्या घरी गेला. रेल्वे लायनीच्या बाजूला दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, दारात धुतलेली बादली पालथी घातलेली. तिनं "जयभीम" म्हणून खुर्ची पुढं केली. तो बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, दाराशी ऐकलेल्या बोलण्यापासून खिडकीतल्या उत्तरापर्यंत. वहीचं पान झेरॉक्स करून आणलं होतं, ते तिच्या हातात दिलं.

तिनं आकडे वाचले. बोट ठेवून, एकेक.

"म्हंजे मला आलं हुतं?"

"हो. चौथ्या दिवशी."

"आन माजा वेग?"

"तुमच्याइतका वेग कुणाचाच नव्हता."

ती खाली बसली.  मग तिचा आवाज आला तो अगदी साधा, बाजारातली गोष्ट सांगावी तसा. "माजी सुजाता दहावी झाली तवा म्हनाली, आई, मला कॉम्प्युटरच्या क्लासला घाल. मी म्हनलं, नगं. म्हनलं, आपल्या डोस्क्याला ते झेपत न्हाई, मी बगून आलीया. सायबानी सोता लिवलंय. तिनं म्होरं शिकायचंच सोडलं. औंदा माघात लगीन करून दिलं."

 महेंद्र इतके दिवस शेडचा, सोड्याचा, सोललेल्या बोटांचा हिशेब मनात धरून होता. ही मुलगी त्यात नव्हतीच.

"बाळाबाई, मी... मला माफ..."

"ते नगं," ती मधेच म्हणाली. "माफी मागून तुमी मोकळं व्हाल. मी काय करू तिचं?" आणि थोड्या वेळानं, "माज्या घरात सांगून काय उपेग? आडीच वर्सं त्या बाया मला म्हंत्यात, गेली हुती सायबीन व्हायला. धुन्यात या उद्या. त्येंच्या म्होरं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी सुटायच्या वेळी तो शेडमध्ये गेला. वीस-बावीस बायका, गमबूट घातलेल्या, हातात ब्रश. वाफेचं यंत्र बंद होईपर्यंत तो थांबला. मग त्यानं सांगितलं. आवाज लहान पडला, मागच्या बायकांनी "मोट्यानं बोला की" म्हटल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. अंबूबाई नावाची एक म्हातारी पुढं आली.

"मग असं का लिवलं वो सायब? हिनं तुमचं काय घोडं मारलं हुतं?"

"काही नाही. हिला जमलं तर माझी गरज उरणार नाही, असं वाटलं मला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. अंबूबाई मात्र हसली नाही. "आन आपल्यातलाच की तू," ती अरेतुरेवर येऊन म्हणाली.  बाळाबाई कोपऱ्यात उभी होती. तिनं महेंद्रकडं बघितलं नाही, गमबूट काढून बाजूला ठेवले आणि हात धुवायला गेली.

त्यानंतरच्या बैठकीत तो ठराव मागं घेतला गेला. लालासाहेबांनी पुन्हा चाचणी घ्यायला लावली, या वेळी महेंद्रला खोलीबाहेर ठेवून. बाळाबाई दोन दिवसांत पहिल्यासारखी चालू लागली. तुलनेचा नवा अहवाल महेंद्रनंच लिहिला, पण पहिल्या पानावर मागच्या अहवालातली दुरुस्ती लिहून, सहीसकट. शेवटी ठरलं ते दोन्हींचं मिळून झालं: आतलं मोठं यंत्र युनिक्सवरच ठेवायचं, वर्षाचे चार आकडे करून घ्यायचे, आणि बाहेरच्या टेबलांवर मराठी पडद्यांचे नवे कॉम्प्युटर. हे अडीच वर्षांपूर्वीही सुचलं असतं. तेव्हा त्यानं त्या बाजूनं विचारच केला नव्हता, कारण त्यात बाळाबाईची खुर्ची आली असती.

ऑगस्टात त्याची बदली शिरवळला झाली. लालासाहेबांनी ऑर्डर हातात दिली आणि म्हणाले, "ही शिक्षा हाय असं समजू नका. तितं खरंच खोळंबा हाय." महेंद्रला ती शिक्षाच हवी होती. नीलिमा पायलला घेऊन सांगलीतच राहिली, तो शनिवारी एसटीनं येऊन जाई. नीलिमानं सगळं ऐकल्यावर एकच विचारलं होतं, "मला इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" 

शिरवळला त्याला कुणी साहेब म्हणत, कुणी बनसोडे. हायवेवरून टँकर येत, तो त्यांच्या नोंदी घेई. सांगलीच्या यंत्राचं रोजचं काम आता बाळाबाई आणि दोन पोरं मिळून बघत. नोंदींची नक्कल ठेवायच्या बॅकअपच्या टेपा बदलण्यापासून सकाळी यंत्रावर टाइप करायच्या त्या दोन-तीन इंग्रजी शब्दांपर्यंत, सगळं त्यानंच जाण्याआधी एका वहीत मराठीत उतरवून दिलं होतं. मुख्य पासवर्डही.

जानेवारी आला, यंत्रानं दोन हजार साल बिनबोभाट घेतलं. फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी शिरवळच्या केंद्रावर फोन वाजला. पलीकडं बाळाबाई होती.

"बनसोडेसायब, टेप अर्ध्यात थांबतीया. डिस्क भरलीया म्हनून सांगतंय."

त्यानं जुन्या फायली कुठं असतात ते सांगितलं, कुठल्या काढायच्या, कुठल्या काढायच्या नाहीत. ती पलीकडं लिहून घेत एकेक काढत होती. मधेच तिनं त्याला थांबवून एक नाव पुन्हा विचारलं, कारण तिच्या मते ती फाईल काढली तर मागच्या मार्चचे तक्ते गेले असते. त्यानं विचार केला. तिचं बरोबर होतं.

"ती ठेवा," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "सुजाता कशी आहे?"



"बरी हाय," बाळाबाई म्हणाली. "कराडला हाय, सासरी." आणि मग, "टेप सुरू झाली सायब. ठेवते."

महेंद्रनं फोन खाली ठेवला. बाहेर पाटणचा टँकर येऊन उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यानं नमुन्याच्या बाटल्या उचलल्या आणि उन्हात गेला.